टीडीएस मीटर १५० दाखवतोय म्हणजे टँकरचं पाणी चांगलं समजायचं का?

धायरीकर: आमच्या सोसायटीत वर्षातले सात-आठ महिने टँकर असतो. २०२५ च्या जानेवारीत इथे सिंहगड रोडला जीबीएसचे (गुलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हा घाबरून ऑनलाइन टीडीएस मीटर मागवला, तेव्हापासून रोज टाकीत बुडवून बघतो, १५० च्या आसपास येतं आणि मी ग्रुपवर टाकतो की पाणी ओके आहे. काल बायको म्हणाली, याने जंतू कळतात का? मला उत्तरच देता आलं नाही. घरात सासूबाई आणि तीन वर्षांची मुलगी आहे, म्हणून विचारतोय.

जलसुरक्षक_सातारा: दादा, ग्रुपवर ओके लिहिणं आजच थांबवा प्लीज. तो मीटर पाण्यातून करंट किती जातो ते मोजतो आणि त्याला ठरलेल्या आकड्याने गुणून विरघळलेले क्षार किती (तोच टीडीएस) ते अंदाजाने सांगतो, बस. जंतूंचा त्याला पत्ताच लागत नाही, गटाराचं पाणी थोडं मिसळलं तरी आकडा जवळपास तोच राहील. टँकरच्या पाण्याला आधी क्लोरीन बघायचं. आम्ही गावात रोज ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिनच्या द्रावणाने क्लोरीन बघायची) करतो, नळाच्या पाण्यात त्याचे दोन-चार थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं पाहिजे. टेस्टचं पाणी फेकून द्या, ते द्रावण हाताला लावू नका आणि पोरीच्या हाताला लागेल असं ठेवू नका. जोडीला एचटूएसची बाटली (जंतू तपासायची) आणा, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवा, काळं पडलं तर टाकीतलं पाणी उकळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही.

पांढरकवडा_७७: आमच्याकडे यवतमाळात बोअरला फ्लोराईड आहे. मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम, आता मीटरच्या ३०० आकड्यात दीड कुठे दिसणार सांगा? माझ्या काकांचे दात, गुडघे त्याच पाण्याने गेले आणि पाणी चवीला एकदम गोड होतं. बोअर असेल तर सरकारी लॅबमध्येच द्या.

मीनाताई: अजून एक, फिल्टर विकणारे दोन ग्लासात वायरवाले रॉड टाकून पाणी तपकिरी करून दाखवतात ना, तो गाळ पाण्यातला नसतो, लोखंडाचा रॉडच झिजतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे करंट जात नाही म्हणून ते स्वच्छ दिसतं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं तर तेही तसंच होतं. आणि ते यंत्र थेट घरच्या प्लगला लावतात, २३० व्होल्ट! माझ्या भाच्याने ग्लासाला हात लावायला आणि मी ओरडायला एकच गाठ पडली. घरात करूच देऊ नका.

धायरीकर: सगळ्यांचे आभार. ग्रुपवर आत्ताच लिहिलं की माझे आधीचे ओके धरू नका, पाणी उकळून प्या. ओटीची बाटली पुण्यात कुठल्या दुकानात मिळेल?