एल४-एल५ फ्युजननंतरची कंबरदुखी: गावच्या घरात काय बदलावं?

माडबनातून:
आईचं (वय ५८) फ्युजन, म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका स्क्रूने एकत्र जोडायची शस्त्रक्रिया, होऊन पाच आठवडे झाले. शस्त्रक्रिया कोल्हापुरात झाली, घर देवगड तालुक्यात. पायातली कळ गेली, पण सकाळी उठताना कंबर धरते आणि दुपारनंतर ठणका लागतो. न्हाणी मागीलदारी, मध्ये तीन चिऱ्याच्या पायऱ्या. गादी नवी घ्यावी का? शेक चालेल का? पुढच्या आठवड्यात तपासणीला फोंडा घाटातून न्यायचं आहे.

पडवीतली_फिजिओ:
गादीआधी त्या उठतात कशा ते बघा. उताणं असताना सरळ उठून बसलं की सगळा ताण स्क्रूंच्या जागेवर येतो. आधी दोन्ही गुडघे वाकवायचे. खांदा आणि कमरेचा भाग एकाच वेळी फिरवून कुशीवर यायचं. मग पाय खाटेखाली सोडता सोडता खालच्या कोपरावर आणि वरच्या तळहातावर जोर देऊन बसायचं. एक मिनिट तसंच बसून मग उभं राहायचं. झोपताना हेच उलट क्रमाने. उताणं झोपल्यावर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपल्यावर दोन्ही गुडघ्यांमध्ये.

गादी खड्डा पडलेली असेल तर कापूस पिंजून घ्या, नवी लागत नाही. खाट मात्र गुडघ्याच्या उंचीची हवी. जमिनीवरचं अंथरूण आणि पाटावरचं जेवण सध्या बंद.

दुपारचा ठणका बहुधा बसण्याचा असतो. शस्त्रक्रियेत पाठीचे स्नायू बाजूला ओढलेले असतात, ते लवकर थकतात. एका बैठकीला २०-३० मिनिटं पुरे. चालणं ५-१० मिनिटांचं, दिवसातून चार-पाच वेळा, सारवलेल्या सपाट खळ्यात. किनाऱ्यावर नेऊ नका, वाळूत पाय रुततो आणि कंबर हिसके खाते.

दुखणं कमी झालं म्हणजे हाड जुळलं असं नाही. जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर वाकणं, कंबर पिळणं आणि वजन उचलणं टाळायचं. भरलेली कळशी तर नाहीच.

औषधपेटी:
शेकाबद्दल: जखम पूर्ण भरली असेल तरच, तोही टाक्यांच्या बाजूला, फडक्यावरून, १५ मिनिटं. टाक्यांभोवतीची कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही.

डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन सर्जनला विचारल्याशिवाय देऊ नका, ही औषधं हाड जुळणं लांबवू शकतात. पॅरासिटामॉल चालू असेल तर सर्दीच्या गोळीतही तेच असतं, दिवसाची बेरीज बघा. शौचाला कुंथणं कमरेला वाईट, म्हणून रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी.

आणखी एक, हे विचारायलाच हवं: मशेरी लावतात का? डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं की बायका "नाही" म्हणतात, कारण मशेरी कोणी तंबाखूत धरत नाही. निकोटिनने हाडाचा रक्तपुरवठा आटतो आणि फ्युजन फसू शकतं. ती बंदच करायला लावा.

लघवी अडकली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेना, ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा पोटरी सुजली, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका, १०८ ला फोन करा.

चिरेबंदी:
न्हाणीत प्लॅस्टिकची खुर्ची ठेवा आणि बादली स्टुलावर, म्हणजे तांब्या घ्यायला वाकावं लागणार नाही. कमोड नसेल तर खुर्चीचा कमोड आणा. पायऱ्यांवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा, एका बाजूला कठडा लावा. बेल्ट सांगितला असेल तर सुती बनियनवरून बांधा, नाहीतर इथल्या घामाने पुरळ उठतं. किती आठवडे बांधायचा ते सर्जनच ठरवतील.

प्रवासाला एसटी नको, मागच्या सीटला तर हिसकेच हिसके. गाडीत पुढची सीट थोडी मागे कललेली, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल. दर ४०-४५ मिनिटांनी उतरून दोन-चार मिनिटं चालवा. घाट लागण्याआधी एकदा थांबाच, वळणांत मध्येच गाडी उभी करता येत नाही.

माडबनातून:
मशेरीचं विचारलंच नव्हतं, आजच विचारतो. विळीवर कधी बसता येईल?

पडवीतली_फिजिओ:
एक्स-रे बघून सर्जन सांगतील तेव्हा. तोवर भाजी उभ्याने, ओट्यावर सुरीने. नारळासाठी ओट्याला स्क्रूने आवळायची खोवणी मिळते, ती कोपराच्या उंचीवर बसवा.