दोन स्ट्रक्चरल ऑडिट, दोन उलट निष्कर्ष. ऐकायचं कोणाचं?

खजिनदार_मुलुंड

नमस्कार मंडळी. मुलुंडला आमची 1984 सालची सोसायटी आहे, तळ अधिक चार मजले, दोन विंग, लिफ्ट नाही. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावर एका बाथरूमच्या स्लॅबचं प्लास्टर पडलं, नशीब कोणी आत नव्हतं, पण आतल्या सळ्या इतक्या गंजलेल्या की नखाने पापुद्रे निघत होते. मग कमिटीने ऑडिट करून घेतलं.

पहिल्या इंजिनिअरने सी-2बी दिलंय, म्हणजे बिल्डिंग रिकामी न करता स्ट्रक्चरल रिपेअर करा, अजून पंधरा वर्षं आरामात जातील. काही सभासदांना ते पटलं नाही म्हणून त्यांनी दुसरा आणला, तो म्हणतो सी-1, ताबडतोब रिकामी करून पाडा. दोघंही पालिकेकडे नोंदणी असलेले, दोघांचाही अनुभव वीस वर्षांच्या वरचा, आणि दोघंही मीटिंगमध्ये इतक्या ठामपणे बोलले की जो बोलेल तोच खरा वाटत होता. आता सोसायटीत सरळ दोन पार्ट्या पडल्यात, रिपेअरवाले आणि रिडेव्हलपमेंटवाले, आणि प्रत्येक जण आपल्याला हवा तो रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर फिरवतोय.

रिपोर्ट मी तीनदा वाचले. पहिल्यात हॅमर टेस्टची सरासरी 22 आहे आणि अल्ट्रासॉनिकचे आकडे 3.4 ते 3.7 च्या मधे. दुसऱ्यात तीन कोअर काढलेत, 12.1, 13.4 आणि 9.8, शिवाय सळ्या गंजतायत का ते बघणाऱ्या हाफ सेल टेस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी मायनस 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलंय. मी कॉमर्सची, बॅलन्सशीट वाचता येतं पण हे नाही. एकाच बिल्डिंगचं काँक्रीट एकाला 22 आणि दुसऱ्याला 12 कसं काय लागतं? आणि दोन जाणकार एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर आमच्यासारख्यांनी ठरवायचं तरी कशावरून? घरात सासूबाई 81 वर्षांच्या आहेत, रिकामं करा म्हटलं तर कुठे नेऊ आणि नाही केलं तर काय, रात्री झोप लागत नाही हो.

काँक्रीट_काका

ताई, आधी तुमच्या 22 आणि 12 चं बोलू, कारण अर्धं भांडण तिथेच आहे. मी आयुष्यभर हेच काम केलं, आता रिटायर आहे, त्यामुळे माझा यात कुठलाच धंदा नाही.

हॅमर टेस्ट म्हणजे काँक्रीटच्या पृष्ठभागावर स्प्रिंगचा दट्ट्या आपटून तो किती उसळतो ते बघायचं. ती वरच्या साधारण तीस मिलिमीटरची गोष्ट सांगते, आतली नाही. त्यात जुन्या बिल्डिंगचं काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून वरून कडक होत जातं, त्याला कार्बोनेशन म्हणतात, त्यामुळे चाळीस वर्षं जुन्या कॉलमला हॅमर लावला की आकडा हमखास फुगलेला येतो. भारतीय मानकातच लिहिलंय की हॅमरवरून काढलेल्या ताकदीत अधिक-उणे 25 टक्के फरक धरावा. आणि वाईट भाग असा की ज्या कार्बोनेशनने हॅमरचा आकडा वाढतो त्यानेच आतल्या सळीचं संरक्षण जातं आणि गंज सुरू होतो. म्हणून नुसत्या हॅमरवर बिल्डिंग बरी आहे असं म्हणणारा रिपोर्ट मी तरी बाजूला ठेवतो.

अल्ट्रासॉनिक म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते बघायचं. 1992 च्या जुन्या मानकाप्रमाणे सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर चांगलं, 3 ते 3.5 मध्यम आणि 3 च्या खाली शंकास्पद धरायचे. त्या हिशोबाने तुमचं 3.4 ते 3.7 हे मध्यम ते चांगलं यांच्या सीमेवर आहे. पण काँक्रीट ओलं असेल तर लहर जोरात जाते आणि आकडा बरा दिसतो, म्हणून टेस्ट पावसाळ्यात घेतली का ते बघा.

आता कोअर. कोअर म्हणजे प्रत्यक्ष तुकडा कापून लॅबमध्ये दाबून फोडतात, त्यामुळे तो जास्त विश्वासाचा, पण त्यातही एक खुबी आहे जी मीटिंगमध्ये कोणी सांगत नाही. कोअर गोल असतो आणि आपली सगळी गणितं चौकोनी घनाच्या ताकदीवर चालतात. म्हणून आधी उंची आणि व्यासाची दुरुस्ती करायची, त्याने आकडा थोडा खाली येतो, आणि मग सव्वाने गुणायचं म्हणजे घनाची ताकद मिळते. तुमच्या तीन कोअरची सरासरी 11.8 येते. त्या काळात साधारण एम-15 वापरायचे, म्हणजे घनाची ताकद 15 असलेलं काँक्रीट. तीन कोअरची सरासरी त्याच्या 85 टक्के, म्हणजे 12.75 हवी, आणि एकही 75 टक्क्यांच्या, म्हणजे 11.25 च्या खाली नको. हा नियम मुळात नवीन कामाचा आहे, पण जुन्यालाही मापदंड म्हणून लावतात. आता बघा, 11.8 हा आकडा आधीच घनाचा असेल तर नापास. आणि नुसता दुरुस्त केलेला सिलिंडरचा असेल तर सव्वाने गुणून 14.7 होतो आणि 9.8 वालाही 12.25 होतो, म्हणजे पास! एकाच कागदावरचे तेच तीन आकडे, आणि निकाल पूर्ण उलटा. म्हणून लॅबचं मूळ सर्टिफिकेट मागा, इंजिनिअरच्या रिपोर्टमधला तक्ता नको.

दुसरं, कोअर कुठल्या कॉलमचे आणि हॅमर कुठल्या कॉलमवर मारला ते नकाशावर मार्क करून बघा. मला दाट शंका आहे की दोघांनी वेगवेगळ्या जागा तपासल्या आहेत.

रक्ताचा रिपोर्ट आणि डॉक्टरचं मत या जशा दोन वेगळ्या गोष्टी तशाच मोजलेले आकडे आणि सी-1 की सी-2 हा शिक्का या वेगळ्या गोष्टी आहेत. भांडण शिक्क्यावर चाललंय, तुम्ही आकड्यांवर या. दोघांना एकाच दिवशी साइटवर बोलवा, एकाच कॉलमसमोर उभं करा आणि विचारा की साहेब, इथे कुठला आकडा आला तर तुम्ही तुमचं मत बदलाल? जो माणूस याचं सरळ उत्तर देतो त्याच्यावर मी भरवसा ठेवीन, मग त्याचं मत मला आवडो न आवडो.

बोरिवली_पश्चिम

काकांनी सगळं सविस्तर सांगितलंय, मी फक्त प्रोसिजर सांगतो कारण आम्ही यातून गेलोय. मुंबईत दोन रिपोर्ट एकमेकांच्या विरोधात असतील तर ठरवायचं ओझं सोसायटीने एकटीने वाहायची गरज नसते. पालिकेची टेक्निकल अॅडव्हायझरी कमिटी असते, सगळे टॅकच म्हणतात, परस्परविरोधी ऑडिट तिच्याकडे जातात. 2014 मध्ये हायकोर्टाने धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक सूचना घालून दिल्या त्यानंतर हे व्यवस्थित रुळलंय. वॉर्ड ऑफिसला दोन्ही रिपोर्ट जोडून लेखी अर्ज द्या आणि इनवर्डचा शिक्का मारून घ्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. टॅकसमोर कागद कमी आणि आरडाओरडा जास्त घेऊन गेलात तर काही हाती लागत नाही. आमच्याकडे एका पार्टीने फोटोंचे अल्बम नेले होते, दुसऱ्या पार्टीने टेस्टचे मूळ कागद आणि जागा दाखवणारा नकाशा. साहेब लोकांचे सगळे प्रश्न त्या नकाशावरच होते, कुठला कॉलम, किती रीडिंग, प्लास्टर काढून घेतलं का वरूनच. हवं तर व्हीजेटीआय हे मुंबईतलं इंजिनिअरिंग कॉलेज किंवा आयआयटी यांच्याकडून तिसरं मत घेता येतं, पैसे लागतात पण एवढ्या घरांचा प्रश्न असेल तर ते जास्त नाहीत.

आर्या_ठाणे

सगळं बरोबर आहे पण एक विचारते, हे सगळं चालू असेपर्यंत लोक त्याच घरात राहणार ना? घाटकोपरची सिद्धी साई बिल्डिंग 25 जुलै 2017 ला पडली, 17 माणसं गेली, तळमजल्यावर बदलाचं काम चालू होतं. म्हणून माझं म्हणणं, दोन तज्ज्ञांत कोण बरोबर हे कळायच्या आधीच दोघांचं ज्याच्यावर एकमत आहे तेवढं तरी आज करून टाका. पडलेल्या बाथरूमच्या खाली टेकू लावायला तर पहिलासुद्धा नाही म्हणणार नाही! गच्चीवरची टाकी पूर्ण भरू नका, जड सामान, मार्बलचे थर, कुंड्या उतरवा, आणि तळमजल्याच्या दुकानांमध्ये कोणी भिंत किंवा कॉलमला हात लावलाय का ते स्वतः जाऊन बघा. रिपेअरवाला खरा निघाला तर थोडा टेकूचा खर्च वाया, दुसरा खरा निघाला तर जीव वाचले. दोन्ही बाजूंना चूक व्हायची किंमत सारखी नाहीये हो.

हिशोबी_माणूस

मी जरा वेगळं बोलतो. ताई, तुम्ही लिहिलंय की काही सभासदांनी दुसरा आणला. त्याची फी कोणी दिली? आणि पहिल्याला कोणी सुचवलं, रिपेअर कॉन्ट्रॅक्टरने का? हे विचारायला लोक लाजतात, वाटतं आपण माणसाच्या इमानावर शंका घेतोय. तसं नाही. कॉन्ट्रॅक्टरकडून येणाऱ्या इंजिनिअरला रोज रिपेअर होणाऱ्या बिल्डिंगा दिसतात आणि बिल्डरकडून येणाऱ्याला रोज पाडायच्या, दोघं प्रामाणिक असले तरी नजर तशी घडते. फी सोसायटीने ठराव करून चेकने द्यावी आणि पुढच्या कामाशी त्या माणसाचा संबंध नसेल असं पत्रात लिहून घ्यावं.

पण फक्त हितसंबंध बघून मत फेकून देऊ नका, हेही तितकंच खरं. बिल्डरने आणलेल्या इंजिनिअरचा कोअर खोटा ठरत नाही, तो बिल्डरने आणला म्हणून. कोअर हा कोअर.

आणि मला वाटतं तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न एकात कालवले गेलेत. बिल्डिंग राहायला सुरक्षित आहे का, हा इंजिनिअरचा प्रश्न. रिडेव्हलपमेंट करायचं का, हा तुमचा सगळ्यांचा प्रश्न, त्यात पैसा, वाढीव जागा, भाडं, म्हाताऱ्या माणसांची आबाळ, सगळं येतं. रिडेव्हलपमेंटला सी-1 लागतच नाही! सहकार कायद्याच्या 79ए खालचे 4 जुलै 2019 चे निर्देश आहेत, 51 टक्के सभासदांची संमती आणि ठरवून दिलेली प्रोसिजर पाळून बिल्डिंग धडधाकट असतानाही करता येतं. म्हणून सभासदांना सरळ सांगा, रिडेव्हलपमेंट हवं असेल तर ते म्हणून मागा, त्यासाठी बिल्डिंग पडायला आली असं सिद्ध करायची गरज नाही. हे एकदा स्पष्ट झालं की रिपोर्टवरचा अर्धा राग आपोआप जातो, मी हे दोन सोसायट्यांत बघितलंय.

काँक्रीट_काका

हिशोबी यांच्याशी सहमत, शेवटच्या परिच्छेदाशी तर फारच. फक्त वयावरून कोणी काही सांगत असेल तर तेही मानू नका. महाडची तारीक गार्डन 2020 च्या ऑगस्टमध्ये कोसळली, 16 माणसं गेली, आणि तिला दहा वर्षंही झाली नव्हती. 1984 ची आहे म्हणून वाईटच असेल हा तर्क नाही आणि इतकी वर्षं उभी आहे म्हणजे राहीलच हाही नाही.

खजिनदार_मुलुंड

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आर्या, टेकू दुसऱ्याच दिवशी लावले, टाकीही अर्धीच भरतोय. हिशोबीदादा, फीचं विचारलं, दोन्हीकडून तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

आता खरी गोष्ट. लॅबचं मूळ सर्टिफिकेट मिळालं, काका, त्यावर स्वच्छ लिहिलंय की आकडे घनाच्या ताकदीत बदललेलेच आहेत. म्हणजे ते तीन कॉलम नापास. पण नकाशा काढला तेव्हा कळलं की तिन्ही कॉलम ए विंगच्या तळमजल्याचे, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला लागून, तिथे कायम ओल असते. आणि पहिल्याची हॅमर टेस्ट सगळी पहिल्या मजल्याच्या वर, तळमजल्याच्या दुकानांमध्ये तो गेलाच नव्हता. बी विंगमधून तर कोणीच कोअर काढलेला नाही.

रविवारी दोघांना एकत्र बोलावलं. त्या कॉलमपाशी प्लास्टर काढून फिनॉल्फ्थॅलिन मारलं, काँक्रीट चांगलं असतं तर गुलाबी व्हायला हवं होतं, ते सळीच्याही आतपर्यंत रंगहीन राहिलं, सगळे सभासद वाकून बघत होते. पहिले साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की या कॉलमांना सी-2बी म्हणता येणार नाही, मी रिपोर्ट बदलून देतो. दुसऱ्यांना तुमचा प्रश्न विचारला, कुठला आकडा आला तर मत बदलाल. ते म्हणाले बी विंगचे तळमजल्याचे कोअर सरासरी 13 च्या वर आणि एकही 11.25 च्या खाली नाही असं आलं तर बी विंगसाठी मी सी-1 चा आग्रह धरणार नाही, फक्त ए विंगच्या त्या भागाचं बोलू. ते आम्ही मिनिट्समध्ये दोघांच्या सह्यांसकट लिहून घेतलं.

त्या कॉलमांना लोखंडी टेकू दिलेत, त्यांच्यावरच्या चार घरातली माणसं नातेवाइकांकडे गेलीत, सासूबाई सध्या नणंदेकडे आहेत. बी विंगचे कोअर बुधवारी काढणार, जागा दोघांनी मिळून ठरवल्यात आणि लॅब सोसायटीने निवडलीये. वॉर्ड ऑफिसला अर्जही दिलाय. आकडे आले की इथेच टाकते, काका, तुम्ही एकदा नजर टाकाल ना?