‘जी-मेन’ हा शब्द आला कुठून?

प्रश्न:
अमेरिकेतील १९३० च्या दशकातील टोळ्यांविषयी वाचताना संघीय तपास अधिकाऱ्यांसाठी ‘जी-मेन’ हा शब्द सतत भेटतो. ‘मशीन गन’ केली या गुंडाने अटकेच्या वेळी ‘गोळी झाडू नका, जी-मेन!’ असे ओरडून तो जन्माला घातला, असे सांगितले जाते. यातील ‘जी’चा अर्थ काय आणि ही हकिगत खरी मानावी का?

पहिला प्रतिसाद:
‘जी’ हे ‘गव्हर्नमेंट’चे आद्याक्षर, म्हणजे जी-मेन ही सरकारची माणसे. हकिगत मात्र जशीच्या तशी स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुलै १९३३ मध्ये ओक्लाहोमा सिटीतील तेल उद्योजक चार्ल्स अर्शेल यांचे अपहरण करून केलीच्या टोळीने दोन लाख डॉलरची खंडणी उकळली. डोळ्यांवर पट्टी बांधलेली असतानाही अर्शेल यांनी वरून जाणाऱ्या विमानांच्या वेळा ध्यानात ठेवल्या आणि त्यांच्या आधारे त्यांना डांबून ठेवलेले टेक्सासमधील शेतघर शोधता आले. २६ सप्टेंबर रोजी केली मेम्फिसमध्ये पकडला गेला, तेव्हा संघीय अधिकाऱ्यांसोबत स्थानिक पोलीसही होते, आणि पोलिसांच्या बाजूने सांगितल्या गेलेल्या हकिगतीत त्याच्या तोंडी ‘मी रात्रभर तुमची वाट पाहत होतो’ अशा आशयाचे, अगदी निराळे शब्द आहेत. शिवाय हा शब्द त्या अटकेपूर्वीच छापील मजकुरात आलेला होता. तो घरोघरी पोहोचवण्याचे श्रेय द्यायचे तर जे. एडगर हूवर प्रमुख असलेल्या संघीय तपास खात्याने मिळवलेल्या प्रसिद्धीला आणि १९३५ मधील, जेम्स कॅग्नी यांची भूमिका असलेल्या ‘जी मेन’ या चित्रपटाला द्यावे लागेल. त्याच वर्षी खात्याला एफबीआय हे आजचे नाव मिळाले.

दुसरा प्रतिसाद:
एक भर घालतो. डब्लिन महानगर पोलिसांच्या गुप्तचर शाखेचे नाव ‘जी डिव्हिजन’ असल्यामुळे तेथील हेरांना त्याआधीच ‘जी-मेन’ म्हटले जाई. आयरिश स्वातंत्र्यलढ्याचे नेते मायकेल कॉलिन्स यांच्या पथकाने १९१९ पासून त्यांनाच लक्ष्य केले. तेथील ‘जी’ शाखेच्या नावातला असल्याने दोन्ही शब्दांचा उगम एकच मानण्याची घाई करू नये.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याला तुरुंगात धाडणारे अधिकारीही जी-मेनच म्हणायचे का?

पहिला प्रतिसादकर्ता:
सैल अर्थाने म्हणता येईल. परंतु १९३१ मध्ये कपोनला ज्या करचुकवेगिरीबद्दल शिक्षा झाली, तिचा तपास अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांनी केला होता आणि ‘ट्रेझरी’वरून त्यांच्यासाठी ‘टी-मेन’ असा स्वतंत्र शब्द आहे.