पहाटेचा व्यायाम आणि सहभागिता ४५ मिनिटांत कशी बसवायची?

तरुणसंघ_जालना
सर्वांना सलाम. आठवड्यातून तीनदा पहाटे चर्चच्या आवारात व्यायाम आणि शेवटी सहभागिता, म्हणजे एकत्र बायबलचं वचन आणि प्रार्थना, असं आमच्या संघानं ठरवलंय. १५ जण आहेत, वय १८ ते ६०. दोघांना शुगर, एकाला बीपी. मुरमाची जागा, एक ओटा, बाकी साहित्य काही नाही. पोरं पुढं पळतात, वयस्क मागं राहून संकोचतात. प्रार्थना अर्धा तास चालते, तोवर निम्मे निघून जातात. उन्हाळा तर लागलाच आहे. वेळापत्रक कसं लावावं?

मैदानकरी
वेळ ५:३० ते ६:१५ ठेवा. मे महिन्यात आपल्याकडं पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, म्हणजे ऊन चढायच्या आत मोकळे. जानेवारीत मात्र सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा वेळ पुढं सरकवा. अंधारात मुरमावर पाय मुरगळतात.

पहिली ८ मिनिटं चालणं आणि सांधे मोकळे करणं. मग पाच जागा आखा, प्रत्येक जागी तिघं: ओट्यावर बसून उठणं, ओट्याला हात टेकून जोर, जागच्या जागी गुडघे उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि तेलाचे ५ लिटरचे दोन रिकामे कॅन पाण्यानं भरून चालणं. प्रत्येक हाताला ५ किलो वजन मिळतं, आणि नंतर तेच पाणी झाडांना घाला, वाया कशाला घालवता! ४० सेकंद काम, २० सेकंदांत जागा बदल. पाच मिनिटांत एक फेरी, अशा तीन, मध्ये एकेक मिनिट दम. झाली १७ मिनिटं.

मोजणी सेकंदांची ठेवा, आकड्यांची नको. '२० जोर' म्हटलं की पोरगं १५ सेकंदांत उरकून उभं राहतं आणि काका सगळ्यांसमोर आठव्यावर अडकतात. ४० सेकंदांत एकानं २५ मारले, दुसऱ्यानं ६, तरी दोघं एकदमच थांबतात. पळायचं असेल तर पुढच्यानं टोक गाठून परत फिरायचं, शेवटच्या माणसापर्यंत यायचं आणि त्याच्यासोबत चालत शेवट करायचा. पोरांना जास्त पळायला मिळतं, मागं एकटं कुणी उरत नाही.

जमिनीवर हात टेकायचा असेल तर रिकामं पोतं दुमडून घ्या. मुरमाचा बारीक खडा तळव्यात रुततो, मग माणूस मनगट वाकडं ठेवतो आणि दुखणं खांद्यात जातं. सिमेंटवर उड्या नकोत, नडग्या धरतात.

फिजिओ_बीड
वरच्यात भर. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात, म्हणून पहिले दोन आठवडे दोनच फेऱ्या. व्यायाम करताना एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग जास्त आहे.

शुगरवाल्यांना इन्सुलिन किंवा शुगर उतरवणारी गोळी चालू असेल तर आधी मोजायला सांगा. ९० पेक्षा कमी असेल तर आधी काहीतरी खायचं. उपवासकाळात ही चूक हमखास होते: औषध घेतलेलं, पोट रिकामं. थरथर, घाम, डोळ्यांपुढं अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा. साखरेची पुडी ओट्यावरच ठेवा.

बीपी १८०/११० किंवा वर असेल तर त्या दिवशी व्यायाम बंद. एरवी श्वास रोखायचा नाही. मोठ्यानं मोजायला लावा, आपोआप सुटतो. कोणी असंबद्ध बडबडू लागलं किंवा अंग तापून कोसळलं तर आधी सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पाळक_अंबड
प्रार्थना का लांबते, हिशेब बघा: १५ जणांच्या वर्तुळात प्रत्येकाला दोन मिनिटं म्हणजे अर्धा तास. म्हणून तिघांचे गट करा, तेच जे एका जागी व्यायाम करतात. एक तरुण, एक वयस्क, एक मधला. गट महिनाभर बदलू नका. १७ मिनिटांनंतर ५ मिनिटं चालून नाडी उतरू द्या, मग ताण देत बसल्या बसल्या १० मिनिटं: दोन मिनिटं वचन, सहा मिनिटं गटात प्रत्येकानं एकच प्रार्थनाविषय, शेवटी एकानं सर्वांसाठी प्रार्थना. सल्ला देणं बंद. तिघांतलं बोलणं व्हॉट्सअॅपवर जाता कामा नये, नाहीतर पुढच्या वेळी 'परीक्षेसाठी प्रार्थना करा' यापलीकडं कुणी बोलणार नाही.

सुरुवातीला बायबलमधलं इब्री १०:२४-२५ घ्या: एकत्र मिळणं न सोडणं आणि एकमेकांना उत्तेजन देणं. गैरहजर माणसाला त्याच दिवशी गटातल्यानं फोन करावा, अध्यक्षांनी नव्हे. अध्यक्षांचा फोन जाब विचारल्यासारखा वाटतो. नळाला पाणी यायच्या दिवशी हजेरी पडणारच, तो दिवस वगळूनच वार ठरवा.

लाऊडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, तेव्हा गाणं तोंडानंच. शेजारपाजारचे इतर धर्मांचे लोक नुसत्या व्यायामाला आले तर येऊ द्या. प्रार्थनेआधी 'ज्यांना निघायचंय त्यांनी निघावं' एवढं सरळ सांगा, कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही.

तरुणसंघ_जालना
हिशेब पटला, सोमवारपासून तिघांचे गट. पावसाळ्यात काय करायचं?

मैदानकरी
मुरमावर पाणी ठरत नाही, पाऊस थांबला की तासाभरात जागा चालते. आवाराबाहेर काळ्या मातीत मात्र जाऊ नका. बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि पाऊल पिळतं. चालू पावसात व्हरांडा घ्या. पळणं आणि कॅन सोडून बाकीचे चारही प्रकार तिथं होतात.