प्लेगातलं पुणे आणि गुन्हेगारी कथेची भाषा: झडती, साथ, गाठ

प्रश्न: १८९७च्या प्लेगातल्या पुण्यात घडणारी दीर्घकथा लिहितो आहे. एका वाड्यात खून होतो आणि प्रेत प्लेगचं म्हणून खपवलं जातं. कथा अंधारी आहे, शेवटी कुणाचेच हात स्वच्छ नाहीत. इंग्रजीत या जातीला ‘न्वार’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं? आणि ‘टाळेबंदी’, ‘विलगीकरण’ हे शब्द त्या काळात शोभतील का?

उत्तर: ‘न्वार’ तसाच ठेवा. शब्द फ्रेंच, अर्थ काळा. १९४६मध्ये फ्रेंच समीक्षकांनी अमेरिकी चित्रपटांबद्दल लिहिताना तो वापरला आणि रुळला. ‘कृष्णकथा’ केलंत तर वाचक गोकुळात जाईल. ‘रहस्यकथा’ मात्र नको. त्या शब्दात उलगड्याचं आश्वासन असतं. तुमच्याकडे खुनी सापडूनही काही सुधारणार नाही. नुसतं ‘गुन्हेगारी कथा’ म्हटलं तरी चालेल.

दुसरं उत्तर: मला नावापेक्षा आतल्या शब्दांची काळजी वाटते. ‘टाळेबंदी’ काढूनच टाका. २०२०पर्यंत मराठीत टाळेबंदी म्हणजे मालकानं कारखान्याला लावलेलं टाळं. शिवाय १८९७ला घडलं ते उलटं: लोक घरं सोडून गावाबाहेर झोपड्या घालून राहिले. पेठा बंद नव्हत्या, ओस होत्या. खुनाच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे. बंद शहरात प्रत्येक खिडकीत साक्षीदार असतो, ओस पेठेत हाकेलाही कुणी नसतं. ‘विलगीकरण’ही आजच्या परिपत्रकातलं. त्या पात्रांना ‘सेग्रिगेशन कॅम्प’च म्हणू द्या, सरकारी नाव तेच होतं.

तुमच्या कथेचा खरा शब्द ‘झडती’ आहे. इंग्रज अधिकारी रँडच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिटीनं गोरे सोजीर, म्हणजे शिपाई, घरोघर धाडले, ते माजघरात आणि देवघरात शिरले. तपासणी आजाऱ्याची होते, झडती आरोपीची. कमिटीच्या कारकुनाच्या तोंडी ‘तपासणी’ घाला आणि वाड्यातल्या बाईच्या तोंडी, “उद्या आपल्या आळीत झडती आहे, आत्याबाईंना आजच माळ्यावर न्या.” दुखणाईत लपवणारं घर आणि प्रेत लपवणारं घर सोजिराला सारखंच दिसतं. दोघंही दार उघडायला उशीर लावतात. तुमचं सगळं कथानक या एका शब्दात बसेल, असं मला मनापासून वाटतं.

‘संशयित’ही असाच दोन्हीकडे चालतो: संशयित रोगी आणि संशयित आरोपी. आणि ‘साथ’! साथीचा रोग म्हणताना तीच, गुन्ह्यातला साथीदार म्हणतानाही तीच. हे फार खेळवू नका, एकदाच योग्य जागी येऊ द्या.

प्रश्न: ‘महामारी’ म्हणू की ‘साथ’? आणि माझ्या फौजदाराला प्रेताच्या काखेत, जांघेत गाठ दिसत नाही, त्यावरून तो खून ओळखतो. हे पटेल का?

उत्तर: बोलण्यात ‘प्लेग’, ‘साथ’ किंवा ‘गाठीचा ताप’. छापील मजकुरात ‘ग्रंथिक सन्निपात’ आणा, तो त्या काळचाच आहे. ‘महामारी’ निवेदकाला ठेवा.

गाठीचा पुरावा मात्र डळमळीत आहे. प्लेग थेट रक्तात किंवा फुप्फुसात उतरला तर गाठ न उठताही माणूस दगावतो. म्हणून फौजदाराला खात्री नको, संशय द्या. न्वारला तेच मानवतं. क्रियापदही सांभाळा: गाठ ‘उठते’ किंवा ‘येते’. ‘गाठणं’ हे क्रियापद पाठलागासाठी राखून ठेवा.

तिसरं उत्तर: एक भर घालतो. फौजदाराला पिसवांवर संशय घेऊ देऊ नका. प्लेगचा जंतू १८९४मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण उंदरावरच्या पिसवेमुळे तो माणसात येतो हे फ्रेंच डॉक्टर सिमाँनं १८९८मध्ये मांडलं आणि पटायला आणखी काही वर्षं गेली. उंदरांचं मात्र लोकांना दिसत होतंच. तिथं ‘उंदीर मेला’ लिहू नका. प्लेगात उंदीर ‘पडतो’. “जोश्यांच्या वाड्यात उंदीर पडला” एवढं कानावर आलं की शेजारचं बिऱ्हाड बांधाबांध सुरू करायचं. तुमच्या खुन्याला वाडा रिकामा हवा असेल, तर एक मेलेला उंदीर पुरेसा आहे.