मदत हवी आहे: कॅम्पसवर घरच्यांसोबत फिरताना फोटो कसे काढता?

नमस्कार मंडळी,

आम्ही कॉलेजच्या गावात राहतो. अर्धं गाव म्हणजे कॅम्पस, आणि उरलेलं अर्धं त्या कॅम्पसच्या वेळापत्रकावर चालतं. परीक्षा आल्या की ग्रंथालयाचे दिवे उशिरापर्यंत जळतात, सुट्ट्या लागल्या की रस्ते ओस. फिरायला वेगळी जागा शोधावी लागत नाही. जुनी झाडं, दगडी कमानींचा लांबलचक व्हरांडा, घड्याळाचा मनोरा, मैदानं, गाड्यांना बंदी असलेले रस्ते, सगळं पायी जाण्याच्या टप्प्यात. सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे तिकडेच असतो: नवरा, प्राथमिक शाळेतली मुलगी, तिच्याहून बराच लहान मुलगा, सासरे आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेली मी.

कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला) आहे, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान. सोबत आलेली १८-५५ मिमीची झूम किट लेन्स आणि एक ३५ मिमी एफ/१.८ प्राइम (झूम नसलेली लेन्स; एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं छिद्र मोठं) आहे. रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढते, घरी येऊन थोडंफार एडिट करते. एक्सपोजरचं (फोटोत उजेड किती घ्यायचा याचं) गणित येतं, त्यामुळे अगदी पहिल्यापासून सांगायची गरज नाही. घरची माणसं, उजेड आणि हाताशी असलेला वेळ या तिन्हींचा मेळ मात्र बसत नाही.

मला नेमकं काय हवं आहे ते आधी सांगते. इमारतींचे आणि झाडांचे देखणे फोटो इथे कोणालाही मिळतील. मला हे गाव आणि माझी माणसं एकत्र हवी आहेत. इथे दर वर्षी नवी मुलं शिकायला येतात, जुनी निघून जातात. रस्त्यावरचे चेहरे बदलतात, पण त्यांचं वय तेवढंच राहतं. मोठी होताना दिसतात ती आमच्यासारख्या कायम राहणाऱ्यांची मुलं. मनोऱ्याखाली एक बुटका दगडी कठडा आहे. मुलीला पूर्वी त्यावर उचलून बसवावं लागायचं. आता ती पळत येते, दोन्ही तळहात टेकवते आणि अंग वळवून बसते. माझ्यासाठी या गावाचा इतिहास तोच आहे, आणि तो फोटोत यावा असं फार वाटतं.

आता अडचणी.

मोठी अडचण व्हरांड्याची. दुपार कलली की कमानींतून उन्हाचे पट्टे आत येतात आणि जमिनीवर एकाआड एक उजेड-सावली पडते. रिकामा व्हरांडा त्या वेळी अप्रतिम दिसतो. पण मुलं त्यातून पळायला लागली की एका पावलाला चेहरा पांढराफटक, पुढच्या पावलाला काळा. चेहऱ्यावर एक्सपोजर धरावं तर कमानीबाहेरचं मैदान जळतं (पार पांढरं पडतं), मैदान वाचवावं तर चेहरे जातात. रॉमधून सावल्या उचलल्या तर कातडीचा रंग मळकट होतो.

दुसरं, माणसं इमारतीपुढे फारच लहान दिसतात. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना बसवलं आणि इमारत पूर्ण घेतली की सासऱ्यांचा चेहरा ओळखूही येत नाही.

तिसरं म्हणजे घरच्यांचा धीर. एका जागी फार वेळ गेला की मुलगा रडकुंडीला येतो, सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि नवरा काही न बोलता पुढे चालू लागतो. त्यांचं बरोबरच आहे, ते फिरायला आलेले असतात. कॅमेरा घरी ठेवणं हा मला उपाय वाटत नाही, कारण मला त्यात खरा आनंद मिळतो. दोन्ही कसं जमवता?

शिवाय मी स्वतः कोणत्याच फोटोत नसते, आणि मागे-पुढे अनोळखी विद्यार्थी येतातच. त्यांचे चेहरे असलेले फोटो कुठे टाकू नयेत असं मला वाटतं, पण इतर लोक काय पाळतात?

अनुभवी मंडळींनी जरूर लिहा. नवीन लेन्स सुचवू नका, आहे त्यातच करायचं आहे.

प्रतिसाद १

ताई, व्हरांड्यापासून सुरुवात करतो. पळणारी मुलं आणि उन्हाचे पट्टे एका वेळी साधायचा नाद सोडा, तिथे दोन वेगळे फोटो आहेत.

पहिला फोटो उन्हाचा. एक्सपोजर उन्हावर धरा, सावल्या काळ्या पडू द्या, आणि मूल नेमकं पट्ट्यात आल्यावर शटर दाबा. मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, एफ/८, शटर १/५०० सेकंदाच्या आसपास सुरू करून स्क्रीनवर बघून कमी-जास्त करा. फोकसचीही धावपळ नको. लेन्स १८ मिमीवर, एफ/८, मॅन्युअल फोकस दोन मीटरवर ठेवला तर क्रॉप सेन्सरवर साधारण एक मीटरपासून लांबपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग फक्त वेळ साधायची. चेहरा दिसलाच पाहिजे असं नाही, पट्ट्यातून उडी मारणारी आकृतीही आपलं मूल म्हणून ओळखू येते.

दुसरा फोटो चेहऱ्याचा. त्यासाठी माणसांना पट्ट्यांतून बाजूला घ्या. ऊन ज्या बाजूने येत नाही तिकडच्या कमानीजवळ, सावलीत, एखादं पाऊल आत उभं करा आणि तोंड बाहेरच्या मोकळ्या आकाशाकडे. तुम्ही स्वतः बाहेर या आणि आत बघून काढा. मागचा व्हरांडा आपोआप गडद होतो, चेहऱ्यावर मऊ उजेड येतो आणि जळायला मैदान फ्रेममध्ये उरतच नाही. दगडी फरशीचा उजेड हनुवटीखालूनही थोडा परततो, वयस्कर चेहऱ्याला तो फार चांगला.

झाडाखाली काढत असाल तर एक बघा. पानांतून गाळून आलेला आणि हिरवळीवरून उसळलेला उजेड कातडीला हिरवट छटा देतो. एडिट करताना टिंट (हिरवा आणि मॅजेंटा यांतला तोल) थोडा मॅजेंटाकडे सरकवला की ती जाते, पण त्यापेक्षा चार पावलं सरकून वाटेवर या.

आता इमारतीचं. इमारत मोठी दिसते म्हणून माणसांना तिला चिकटवू नका. त्यांना इमारतीपासून बरंच पुढे आणा, तुमच्यापासून दोन-अडीच मीटरवर उभं करा आणि २०-२४ मिमीने काढा. इमारत पूर्ण येईल आणि माणसं फ्रेमच्या निम्म्याहून जास्त उंचीची दिसतील. कॅमेरा वर झुकवू नका, नाहीतर मनोरा मागे कललेला दिसतो. चेहरे फ्रेमच्या कडेला ठेवू नका, वाइडला (१८-२४ मिमीसारख्या रुंद दृश्याला) ते ताणले जातात.

प्रतिसाद २

मी कॅम्पसमध्येच काम करते, म्हणून विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहिते. फोटोत अनोळखी माणूस ओळखू येत असेल तर मी तो सार्वजनिक ठिकाणी टाकत नाही. कायद्याने काय चालतं ते जागेजागी वेगळं असतं, आणि कॅम्पसचे स्वतःचेही नियम असतात. ते संस्थेच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या, विशेषतः ग्रंथालय, वसतिगृह आणि प्रयोगशाळांबद्दल. परीक्षेच्या दिवसांत वाचत बसलेल्या मुलांकडे लेन्स रोखली तर त्यांना नकोसं होतं. फार लांबून, पाठमोरे किंवा अस्पष्ट असतील तर हरकत नाही.

स्वतःच्या मुलांचे फोटो पाठवतानाही एक पाहा. फोन, आणि फोनला जोडलेले काही कॅमेरे, फोटोच्या फाइलमध्ये ठिकाण नोंदवतात. मूळ फाइल पाठवली की ती नोंदही सोबत जाते. एक्स्पोर्ट करताना लोकेशन काढून टाकायचा पर्याय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतो. दर सुट्टीला त्याच जागी जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही काळजी घ्यावीच.

प्रतिसाद ३

घरच्यांच्या धीराबद्दल. आमच्याकडे ठरलेलं आहे: पोचल्यावर सुरुवातीला ठरवून फोटो, आणि तेही एकाच जागी. मग कॅमेरा गळ्यातच, पण कोणाला थांबवायचं नाही, उभं करायचं नाही. चालता चालता जे मिळेल ते. यासाठी ३५ मिमी एकटीच न्या. क्रॉपवर तिची दृष्टी फुल फ्रेमच्या ५० मिमीच्या जवळपास येते, आणि झूम नसल्यामुळे आपणही फार रेंगाळत नाही. सासरेबुवांना उभं करूच नका. ते बाकावर बसले की मुलं आपणहून त्यांच्या भोवती येतात, आणि तुम्हाला हवा असलेला फोटो बऱ्याचदा तिथेच असतो.

तुमचा कठड्याचा विचार मला फार आवडला. निकोलस निक्सन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७५ पासून चाळीसहून अधिक वर्षं आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचा दर वर्षी एक फोटो प्रसिद्ध केला, चौघी कायम त्याच क्रमाने उभ्या. तिथे क्रम पक्का होता, जागा बदलत गेल्या. तुमच्याकडे जागा पक्की आहे. वर्षातून एकदा, साधारण त्याच तारखेला आणि त्याच वेळी काढा, म्हणजे सूर्य त्याच कोनात असेल. मागच्या वर्षीचा फोटो फोनवर उघडून जुळवा. फोकल लेंग्थ (लेन्स किती मिमीवर होती ते) फाइलमध्ये नोंदलेली असते. कॅमेऱ्याची उंची आणि तुम्ही कुठल्या फरशीवर उभ्या होतात एवढं मात्र लिहून ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. व्हरांड्याचे दोन फोटो वेगळे करायचे हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. ठिकाणाची नोंद आजच काढून टाकते. आणि कठड्याचा फोटो दर वर्षी काढायचं तर त्यात मीही हवी. टायमरवर मुलगा दहा सेकंद एका जागी राहत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं तर ते आनंदाने काढून देतात, पण फोकस भलतीकडेच, बहुतेक वेळा मागच्या मनोऱ्यावर. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देताना सेटिंग काय ठेवता?

प्रतिसाद १

अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), एफ/५.६. ऑटो आयएसओ, किमान शटर १/२५०. फेस डिटेक्शन चालू, कंटिन्युअस फोकस (फोकस सतत जुळवत राहणारा), बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो) चालू. टच स्क्रीन बंद, कारण अंगठा लागून फोकस मनोऱ्यावर जातो तो बहुधा तिथेच.

३५ मिमी एफ/१.८ वर ठेवून देऊ नका. दोन मीटरवरून तिथे पुढून मागे जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटरचा भाग स्पष्ट येतो. सासरे कठड्यावर आणि मुलं पुढे म्हटलं की कोणीतरी अस्पष्ट होणारच. एफ/५.६ ला तोच भाग पाऊण मीटरच्या आसपास जातो.

आधी तुम्ही स्वतः फ्रेम लावा. ज्या फरशीवरून लावली तिथेच त्या मुलाला किंवा मुलीला उभं करा, पट्टा त्यांच्या गळ्यात घाला आणि एवढंच सांगा: "इथून हलू नका, बटण दाबून धरा." फ्रेम थोडी सैल ठेवा, घरी कापता येते. मुलाला कडेवर घ्या, म्हणजे तो पळणार नाही आणि तुम्हीही नक्की फोटोत याल.

धागाकर्ती

फेस डिटेक्शन बंद होतं, आत्ताच चालू केलं. अजून एक विचारते. ग्रंथालयात पाहुण्यांना फोटो काढायची परवानगी आहे, पण तिथे शटरचा आवाज नको म्हणून सायलेंट मोड लावला की फोटोवर आडवे गडद पट्टे येतात. कॅमेरा बिघडला आहे का?

प्रतिसाद १

कॅमेरा ठीक आहे. सायलेंट मोडमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं जातं आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत ते सेन्सर एकेक ओळ करून वाचतं. काही दिवे विजेच्या लयीत लुकलुकतात, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा. म्हणून काही ओळी उजळ येतात, काही गडद. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा; पुरवठा ६० हर्ट्झचा असेल तर १/६० किंवा १/१२०. पट्टे जातील, निदान बरेच कमी होतील. तरीही राहिले तर खिडकीजवळचं टेबल गाठा आणि दिवसाच्या उजेडात काढा.