मृदंगावर हात एकाच लयीत अडकलाय, मनही उतरलंय – मदत हवी आहे

सगळ्यांना रामकृष्ण हरी.

मी केज तालुक्यातला. आळंदीला चार वर्षं राहून मृदंग शिकलो. आता गावी शेती करतो आणि आसपासच्या सप्त्यांना साथीला जातो. वाजवायला लागून पंधरा वर्षं झाली, पण गेल्या दीड वर्षात हात पुढं सरकलेला नाही.

मोबाईलवर मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं ॲप) मिनिटाला 80 ठोक्यांवर लावून ‘तिटकत गदीगन’ हे बोल चौगुनीत, म्हणजे एका ठोक्यात चार अक्षरं, वाजवलं तर अक्षर न् अक्षर सुटं ऐकू येतं. 90 केलं की ‘गदीगन’मधला दुसरा ‘ग’ धुमावर, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडावर, पडतच नाही, डावा हात नुसता घासून जातो. खांदा आवळतो, मनगट ताठ होतं. पहाटे उठून दोन-दोन तास रियाज करून पाहिला, तरी 90 काही ओलांडता आलं नाही. तिथूनच मन उतरायला लागलं.

गेल्या महिन्यात एका सप्त्याहून आलो, मृदंग गवसणीत घालून कोपऱ्यात ठेवला. आवाज भरदार यावा म्हणून धुमावर लावलेली कणीक काढलीच नाही. विसरलो नव्हतो, काढावीशी वाटली नाही. नवव्या दिवशी गवसणी उघडली तर कणीक वाळून दगड झालेली आणि उंदरानं तिच्यापायी पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, कुरतडलेली. वाजवून झालं की आधी कणीक काढायची, धुम पुसायची, मगच पाणी प्यायचं, हे मी पंधरा वर्षांत कधी चुकवलं नव्हतं. किती तरी वेळ ती पुडी हातात घेऊन बसलो होतो.

नवी पुडी चढवून आणलीय, पण एकटा बसलो की पाच मिनिटांत उठतो. कीर्तनात मात्र टाळकरी उभे राहिले आणि महाराजांनी चाल धरली की हात आपोआप चालतो. असं का होतं?

आमच्याच जिल्ह्यातल्या आपेगावच्या पखवाजवादक शंकरबापूंनी पखवाज, म्हणजे आपला मृदंगच, कुठल्या कुठं नेला. मला तेवढं नको, पण सोयाबीन निघाल्यावर गावचा सप्ता आहे, तिथं मोकळ्या हातानं वाजवायचंय. काही दिवस मृदंग बंद ठेवू, की रेटत राहू?

प्रतिसाद:
माउली, बंद ठेवू नका आणि रेटूही नका. 90 चा नाद पंधरा दिवस सोडा. 50 वर या, फक्त ‘गदीगन’ वाजवा, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा आणि ऐका. 80 वरून एकदम 90 कशाला? दोन-दोननं चढा. कणीकही बघा, जास्त झाली की धुम जड होतो आणि डाव्याला जोर लावावा लागतो. रोज वीसच मिनिटं बसा, पण संध्याकाळी हरिपाठाला मृदंग घेऊन जा. तुमचा हात माणसांत मोकळा होतो, तर त्याला माणसांत न्या.

मूळ लेखक:
दादा, चार दिवस केलं. काल ध्वनिमुद्रण कानाला लावून ऐकलं. दुसरा ‘ग’ 72 लाच पुसट होतोय! मी 90 ला अडलोय असं समजत होतो, पण 80 ला साफ वाटायचं ते उजव्या हाताच्या आवाजामुळं. कणीकही निम्मी केली. 60 ला आता दोन्ही ‘ग’ सारखे पडतात. काल हरिपाठालाही वाजवलं, घरी येऊन आधी कणीक काढली.

60 वर किती दिवस राहू, की आजच 62 करू?